हिरव्या भेदऱ्यांची पारख

आरमोरीच्या आठवडी बाजारात भाजीच्या ओळीच्या अगदी टोकाला रुखमाबाईची जागा होती. खाली पोतं, पोत्यावर बांबूची टोपली आणि टोपलीत हिरवे भेदरे. टमाट्याला इकडची जुनी माणसं भेदरंच म्हणतात. नवं गिऱ्हाईक आलं की टोपलीकडे बघून विचारायचं, "बाई, पिकलेले नाई काय?" आणि रुखमाबाई चेहरा न हलवता सांगायची, "हे पिकलेलेच हायेत."

ती खोटं बोलत नव्हती. ते वाणच तसं होतं. कच्चं असताना हिरवं आणि पिकल्यावरही हिरवंच. फार तर बुडाशी थोडी तेलकट पिवळी झाक यायची, पण ती कधी उन्हाकडच्या कच्च्या फळावरही दिसायची, त्यामुळे तिच्यावर विसंबणारा फसायचा. कच्चं भेदरं दाताखाली करकरायचं आणि घशाला तुरट लागायचं. पिकलेलं मात्र चुलीवर भाजून मिरची-लसणाबरोबर रगडलं, की त्या चटणीसाठी माणसं दुसऱ्या गावाहून येत.

म्हणून टोपलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा रुखमाबाईचा नियम होता. ती आधी विचारायची, कधी खायचे आहेत? आज, उद्या की परवा? मग डाव्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने फळ हळूच दाबायची आणि जुळलं की पिशवीत टाकायची. ही रीत तिला तिच्या आईने मुलचेऱ्याकडच्या माहेरी शिकवली होती. फळ कपाळासारखं लागलं तर झाडावर राहू दे. नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर दोन दिवसांनी खा. कानाच्या पाळीसारखं लागलं तर आजच खा, उद्यावर टाकू नको. आई म्हणायची, माप आपल्या अंगावरच असतं, ते घरी विसरून येता येत नाही.

बाजारातल्या लोकांना या कान धरण्याची गंमत वाटे. बस स्टँडजवळ खानावळ चालवणारा कुलदीप दर बाजाराला दोन किलो न्यायचा आणि न चुकता म्हणायचा, "बाई, तुमी सोताचाच कान पिळता, म्हणून चूक होत नाई." शेजारी बसणारी सुकरी त्यावर खळखळून हसायची. सुकरी जंगलाकडच्या गावातून चारोळी आणि मोहफुलं घेऊन यायची. दोघींनी पंधरा वर्षं एकाच चिंचेच्या सावलीत, एकमेकींच्या शिदोरीतलं खात बाजार केला होता.

बोरटोल्यातलं रुखमाबाईचं घर म्हणजे ती, मुलगा प्रफुल आणि सून पुनम. नवरा पत्रू जाऊन सात वर्षं झाली होती. प्रफुल घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. दोन एकर धान घराचं होतं. भेदरे मात्र रुखमाबाईचे एकटीचे. घरामागच्या सांदवाडीत पाच वाफे, दिवाळीनंतर रोपं लावायची, होळीच्या पुढेपर्यंत फळ चालायचं. गावात ती आयुष्यभर पत्रूची बायको नाहीतर प्रफुलची माय होती. रुखमाबाई म्हणून तिला हाक मारणारी माणसं बाजारातच भेटत, आणि त्यांना तिच्याकडून फक्त तिची पारख हवी असे. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. तो ती दाखवत नसे, पण बाजाराच्या दिवशी ती सकाळी जरा लवकरच तयार होऊन बसे.

त्या वर्षी पौषात कुलदीपने पहिल्यांदा तक्रार केली. चटणी करकरली, जेवणाऱ्यांनी ताटात टाकून दिली. तो हसतच सांगत होता, पण सांगत होता. रुखमाबाईने त्याला सुनावलं की खानावळीतल्या पोरांनी भाजले नसतील नीट. पुढच्या बाजाराला शाळेतल्या एका बाईंनी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या बाजाराला तिघांनी.

आपल्या हातांची चूक असेल असं रुखमाबाईच्या मनातही आलं नाही, कारण चाळीस वर्षांत ती झाली नव्हती. मग तिने सुनेला धरलं. तोडणीला पुनम मदत करायची. टोपली वर उचलायच्या आधी पुनमने खाली कच्चे कोंबले असतील आणि बाजाराच्या गर्दीत ते हातातून सुटले असतील, दुसरं काय?

"टोपली भरली का नाई हेच पायते तू. कच्चे कोंबले ना वं मधात?"

पुनम म्हणाली, "नाई आई. मी तं नुसती टोपली धरून राह्यते. तोडता तर तुमीच."

"म्हणजे मीच आंधळी झाली?"

पुनम मुळात कमी बोलणारी. त्या महिन्यात तिने बरंच ऐकून घेतलं. माहेरी काही शिकवलं नाही, हातात बरकत नाही, घरचं नाव बाजारात बुडवायला आली. एकदा तर जेवणाच्या वेळी, प्रफुलसमोर. प्रफुल ताटात बघत राहिला.

त्यानंतर पुनम तोडणीला गेलीच नाही. रुखमाबाईने सगळी फळं एकटीने तोडली, एकटीने निवडली, आणि पुढच्या बाजारात कुलदीप दोन भेदरे परत घेऊन आला. ते त्याने पोत्यावर ठेवले. त्या दिवशी तो कानावरून काही बोलला नाही.

मग रुखमाबाईला वाटलं, वाणच बिघडलं. शेजारच्या वाडीत मागच्या वर्षी दुकानातलं लाल भेदरं लावलं होतं. त्याचाच संकर होऊन साल जाड झाली असेल, बाहेरून मऊ आणि आत कच्चं. बिघडलेलं बी पुढे चालवायचं नाही, हेही आईचंच सांगणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कमरेला पदर खोचला आणि फळांनी लगडलेली झाडं मुळासकट उपटायला सुरुवात केली. तीन वाफे उपटून झाले तेव्हा पुनम भांडी टाकून धावत आली आणि चौथ्या वाफ्यापुढे उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत की रडली नाही. एवढंच म्हणाली, "इतके राहू द्या. मले आवडते." रुखमाबाईने तिच्याकडे बघितलं, हातातलं झाड बांधावर फेकलं आणि घरात निघून गेली. उपटलेल्या झाडांवरचे भेदरे तिथेच उन्हात पडले. तिसऱ्या दिवशी त्यांचा गोड वास सुटला आणि त्यांच्यावर मुंग्या लागल्या.

माघ संपता संपता गावातली आशा सेविका, दिव्यानी, घरोघरी तपासणीला आली. दिव्यानी गावातलीच मुलगी, लहानपणी याच सांदवाडीतून भेदरे चोरून पळालेली. अंगावर कुठे चट्टा आहे का, कुठे बधिर वाटतं का, असं ती सगळ्यांना विचारत होती. रुखमाबाईने नाही म्हणून सांगितलं. दिव्यानी वहीत लिहायला लागली आणि लिहिता लिहिता तिची नजर रुखमाबाईच्या कानावर गेली. पाळी जाड झाली होती, तुळतुळीत, वर दोन बारीक गाठी.

"काकू, हे कान कधीपासून असे?"

रुखमाबाईला काय विचारलं तेच कळेना. घरात आरसा होता तो पुनमच्या कुंकवापुरता. दिव्यानीने तिला डोळे मिटायला सांगितले, पेनचं टोक बोटांवर टेकवत गेली आणि म्हणाली, जिथं लागेल तिथं बोट ठेवा. रुखमाबाई डोळे मिटून वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लाव ना वं, काऊन थांबली?"

दारात उभ्या असलेल्या पुनमने तोंडावर हात ठेवला. पेनचं टोक पाच वेळा टेकवून झालं होतं. तिला मग आठवलं, की गेल्या पावसाळ्यात सासूने गरम तवा पदराशिवाय उतरवला होता, आणि बोटाला फोड आल्याचं दुसऱ्या दिवशी तिनेच सासूला दाखवलं होतं.

दिव्यानीने नाव घ्यायला वेळ लावला, पण घेतलं. कुष्ठरोग असू शकतो, दवाखान्यात दाखवावं लागेल. औषध फुकट आहे, पूर्ण बरं होतं, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. ती शिकवल्याप्रमाणे सगळं नीट सांगत होती. रुखमाबाई यातलं काहीच ऐकत नव्हती. ती एक हात कानाशी नेऊन, दुसऱ्या हाताची बोटं एकमेकांवर चोळत बसली होती.

"मंग भेदरे बराबर होते?" तिने विचारलं.

दिव्यानीला प्रश्न कळला नाही. पुनमला कळला. ती खाली मान घालून म्हणाली, "हो आई. बराबर होते."

कान जाड आणि कडक होत गेला होता, तसं तिचं मापही कडक होत गेलं होतं. त्यात अंगठ्याला नीट कळत नव्हतं. ती कच्च्या फळाला कानाच्या पाळीसारखं म्हणत होती, आणि तिच्या कानापुरतं ते खरं होतं.

सुनेची माफी मागायची रीत त्या घरात नव्हती. त्या संध्याकाळी रुखमाबाईने पुनमला पाट दिला, आधी वाढलं आणि स्वतः मागून जेवली. पुनमने ते ओळखलं. पण ऐकलेले शब्द जेवणाने पोटात जातात असं नाही. तिच्या वागण्यात त्यानंतर आदर राहिला, पहिली ओढ राहिली नाही.

दवाखान्यात कानाच्या पाळीतूनच नमुना घेतला आणि रोग नक्की झाला. बारा महिन्यांची बारा पाकिटं. घरातल्या दोघांनाही तपासून एकेक खबरदारीची गोळी दिली. डॉक्टर तरुण होते, समजुतीने बोलले. रोग जाईल, म्हणाले. बोटांची गेलेली जाणीव मात्र परत येईलच असं नाही. आणि या गोळ्यांनी कातडी काळी पडेल, घाबरायचं नाही. औषध काम करतंय असं समजायचं. रंग नंतर हळूहळू उतरतो.

रुखमाबाई उरलेल्या दोन वाफ्यांचे भेदरे घेऊन बाजाराला जात राहिली. आता ती स्वतः दाबत नसे. निघायच्या आधी पुनम निवडून देई, स्वतःच्या कानावर माप घेऊन. त्यामुळे तक्रारी थांबल्या. कुलदीप पुन्हा दोन किलो नेऊ लागला. चार आठवडे असं वाटलं, की सगळं निभावलं.

होळी होऊन गेल्यावर तिचा चेहरा काळवंडायला लागला. आधी गाल, मग कपाळ, मग हात. साधा उन्हाने येतो तो काळा रंग नव्हता, त्यात तांबूस झाक होती. दवाखान्यात तपासलं तेव्हा अंगातला रोग उतरणीला लागला होता, आणि नेमकं त्याच महिन्यात, दवाखान्याची कुणकुण लागलेल्या बाजाराने तिच्याकडे बघून ठरवलं, की रोग चढतो आहे. ती निरोगी रंगाची होती तेव्हा लोकांनी तिच्या हातचं डोळे मिटून खाल्लं. बरी व्हायला लागली तेव्हा सोडलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. शाळेच्या बाई दुसऱ्या ओळीने जाऊ लागल्या. कुणी म्हणे आज नको, घरी आहेत. सुकरीने एका बाजाराला आपलं पोतं हातभर पलीकडे सरकवलं. उन्हं येतात, म्हणाली. सावली तर रुखमाबाईच्याच बाजूला होती. दुपारी रुखमाबाईने सवयीने भाकरीचा तुकडा पुढे केला, तेव्हा सुकरी म्हणाली की आज तिचा उपास आहे. तिने त्यानंतर दर बाजाराला उपास केला.

एका दिवशी दुपारपर्यंत एकही भेदरं गेलं नाही. समोर एक ओळखीचं गिऱ्हाईक घुटमळत होतं. रुखमाबाईने टोपली त्याच्याकडे सरकवली आणि आयुष्यात न केलेली गोष्ट केली. ती म्हणाली, "भाऊ, मी हात लावत नाई. तुमीच निवडा." त्या माणसाने इकडे-तिकडे बघितलं, पिवळी झाक बघून दोन उचलले, दोन्ही कच्चे, मग तेही परत टोपलीत ठेवले आणि धोतराला हात पुसत निघून गेला.

प्रफुल आला तेव्हा त्याने सांगितलं, काही दिवस बाजार बंद कर. "लोकायच्या तोंडाले कोण लागन, माय?" तो वाईट मुलगा नव्हता. पण त्या खेपेला तो पंधरवड्याची सुट्टी असूनही चार दिवसांत परत गेला.

पुढच्या दिवाळीनंतर पुनमने पाचही वाफे लावले, आपल्या राखलेल्या झाडांच्या बियांचे. बाजारालाही तीच गेली. रुखमाबाईने तिला सगळं सांगितलं होतं: कधी खायचं ते आधी विचार, अंगठा बुडाशी नाही तर देठाच्या खांद्याशी लाव, गिऱ्हाइकाला दाबू देऊ नको. पहिल्याच बाजारात टोपली रिकामी झाली. पुनम परतली, पण आनंदाने नाही. खोदून विचारल्यावर तिने सांगितलं, की प्रत्येक जण विचारतो, झाडाले कोणाचा हात लागला? मग सांगावं लागतं, माझाच. सासू सांदवाडीत येतच नाही.

रुखमाबाई म्हणाली, "तुले खोटं काऊन बोलावं लागते? नाई जात मी." आणि दुसऱ्या दिवसापासून ती खरंच गेली नाही. मागच्या दाराशी पाट टाकून बसायची आणि लांबून वाफ्यांकडे बघायची. हाताचं कळणं गेलं होतं, तेव्हा ती नुसतं बघून बघून शिकली. पिकलं की फळावरची चमक मंद होते, देठाशी असलेली हिरवी पानं मागे वळतात, आणि हिरवा रंग थोडा जुना दिसायला लागतो, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. आईलाही हे माहीत नव्हतं. रुखमाबाईने कुणाला ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

माघात बारावं पाकीट संपलं. डॉक्टरांनी कार्डावर उपचार पूर्ण झाल्याचं लिहून शिक्का मारला. चेहऱ्याचा रंग अजून उतरला नव्हता. पुढच्या बाजाराला रुखमाबाईने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि पुनमबरोबर निघाली. आपल्या जुन्या जागेवर पुनमला बसवून ती दोन हात मागे बसली.

कुलदीप आला. रुखमाबाईने उठून कार्ड पुढे केलं. त्याने ते वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिक्का उजेडात धरून बघितला. "चांगलं झालं बाई," म्हणाला, मनापासूनच. आणि कार्ड कोपऱ्याला दोन बोटांनी धरून परत दिलं. मग पुनमकडे वळला, "दोन किलो. आजच रगडायचे हायेत."

पुनम कानाची पाळी धरून निवडू लागली. बाजारात गर्दी होती, तिला घाई होती. रुखमाबाईला मागूनच दिसलं, की पिशवीत गेलेल्यांपैकी तीन कच्चे आहेत. देठाची पानं अजून सपाट होती. तिचा हात सवयीने टोपलीकडे गेला. त्याबरोबर कुलदीपने पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं, इतक्या पटकन. रुखमाबाईने हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. हात न लावता, नुसतं तोंडाने सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. पुनमची विक्री मोडू नये म्हणून, की त्याने खावे एकदा कच्चे म्हणून, हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

ती त्यानंतर बाजाराला गेली नाही. पुढच्या आठवड्यात पुनम परत आली, टोपली ओट्यावर ठेवली आणि सासूला बरं वाटेल अशा आवाजात म्हणाली, "कुलदीपभाऊ तुमची आठवण काढत होते, आई. म्हणे, मागच्या खेपेले तीन करकरले. बाईच्या हातचे कसे बराबर राहे."

रुखमाबाईने विचारलं, "मंग बोलावलं का त्यानं मले?"

पुनम टोपलीतला पाला झटकत राहिली. "नाई," ती म्हणाली. "तसं नाई म्हणले."

"ते तीन कच्चेच होते," रुखमाबाई म्हणाली. "मले दिसले होते."

पुनमचा हात थांबला. तिने सासूकडे बघितलं. मग का नाही सांगितलं, असं काही तिने विचारलं नाही. ती टोपली उचलून मागच्या दाराने सांदवाडीत गेली, आणि रुखमाबाई पाटावर बसून तिचं तोडणं बघत राहिली.